कल्पित द्वीपांच्या सनदा

चॉसरच्या जन्माच्या आगेमागे आरंभ करून मिल्टनच्या उतारवयापर्यंत पोहोचणाऱ्या साडेतीन शतकांत इंग्रज लेखकांनी केवळ मनाच्या बळावर किती द्वीपे वसवली, किती राज्ये चालवली आणि किती परलोक उजळले, याचा विचार करू लागले म्हणजे प्रथम त्या प्रतिभेच्या ऐश्वर्याने मन दिपून जाते. आणि मग, विशेषतः त्याच इंग्रजांच्या अमलाखाली दीड शतक काढलेल्या आपल्यासारख्यांच्या मनात, अशी शंका उभी राहते की ही कल्पित जगे म्हणजे पुढे खरोखर बळकावलेल्या जगांची पूर्वतयारी तर नव्हती ना? या शंकेला दोन प्रामाणिक उत्तरे आहेत आणि ती एका घरात सुखाने नांदत नाहीत. म्हणून ती दोन कल्पित व्यक्तींच्या मुखी घालणे मला अधिक न्याय्य वाटले. त्यांतील एक आहेत आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवलेले प्राध्यापक, आणि दुसरे आहेत महसूल खात्यात हयात घालवलेले निवृत्त मामलेदार, ज्यांचा वाचनाचा व्यासंग कुळांचे दावे, गायरानांचे तंटे आणि हद्दीच्या खुणा यांच्या सहवासातच वाढला. दोघांच्याही म्हणण्यात मला सत्य दिसते.

प्राध्यापक : रावसाहेब, नवे जग म्हटले की कोलंबसाचे गलबत डोळ्यांपुढे उभे करण्याची आपल्याला सवय जडली आहे, पण इंग्रज कवीला दुसऱ्या जगाची ओढ त्याच्या दीडशे वर्षे आधीच लागलेली होती आणि त्या ओढीत भूमीचा लोभ नव्हता. 1330च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेल्या एका मोठ्या हस्तलिखितात ‘सर ऑर्फिओ’ नावाचे काव्य आहे. त्यात राणी बागेतल्या एका कलमी झाडाखाली निजते, परीलोकाचा राजा तिला ‘उद्या तुला नेणार’ म्हणून बजावतो, आणि दुसऱ्या दिवशी एक हजार सशस्त्र सरदार त्या झाडाभोवती कडे करून उभे असताना ती त्यांच्या मधून नाहीशी होते. राजा ऑर्फिओ राज्य कारभाऱ्याच्या हवाली करून, आपले हार्प तेवढे बरोबर घेऊन, दहा वर्षे रानात काढतो. पुढे एके दिवशी परीलोकीच्या स्त्रियांच्या मागोमाग एका खडकात शिरतो, खडकाच्या पोटातून तीन मैल चालतो, आणि जिथे ना टेकडी ना दरी अशा, उन्हाळ्याच्या सूर्याने उजळावा तशा हिरव्यागार सपाट प्रदेशात बाहेर पडतो. तिथल्या झगझगीत किल्ल्याच्या आत काय दिसते? जगाने मेलेली मानलेली आणि तरीही न मेलेली माणसे: कोणाला मस्तक नाही, कोणाला बाहू नाहीत, कोणी बुडालेले, कोणी होरपळलेले, आणि बाळंतपणात हरपलेल्या स्त्रिया, सगळी नेली त्या क्षणीच्या अवस्थेत. ज्या समाजात अकाली मृत्यू प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी बसलेला होता, त्या समाजाने आपली गेलेली माणसे कुठे तरी ठेवण्यासाठी हे जग निर्माण केले, असे मला नेहमी वाटत आले आहे. आणि पाहा, तिथे हजार तलवारींचे काही चालत नाही, गाण्याचे चालते. ऑर्फिओ तिथून आपली बायको तेवढी परत आणतो, दुसरे काहीही आणत नाही.

त्याच शतकाच्या उत्तरार्धातले ‘पर्ल’ हे काव्य घ्या. दोन वर्षांचीही न होता गेलेली मुलगी बापाला स्वप्नात नदीच्या पैलतीरी दिसते, त्याच्याशी बोलते, त्याच्या शोकातला हट्ट हळूहळू सोडवते, दूरवरची स्वर्गीय नगरी त्याला दाखवते; आणि तो न राहवून नदीत उडी टाकू जातो, तोच जागा होतो. 1212 ओळींचे हे काव्य एकाच हस्तलिखितात उरले आहे आणि ज्या ग्रंथसंग्रहात ते होते त्याला 1731 साली आग लागली होती. त्या आगीतून ते वाचले याचा मला आजही आनंद होतो. ज्या जगाच्या नदीत पाऊल टाकता येत नाही, त्या जगाची मालकी कोण सांगणार?

मामलेदार : त्या दोन काव्यांपुढे मी हात जोडतो, प्रोफेसरसाहेब. पण आपणच म्हणता की ‘पर्ल’ची एक प्रत उरली; ‘सर ऑर्फिओ’च्याही मोजून तीन. आणि त्याच शतकात, 1357च्या सुमारास, फ्रेंचमध्ये लिहिल्या गेलेल्या आणि लवकरच इंग्रजीत उतरलेल्या मँडेव्हिलच्या प्रवासवर्णनाच्या निरनिराळ्या भाषांतल्या हस्तलिखित प्रती किती? सुमारे 300. लोकांनी वाचले ते हे पुस्तक. सेंट ऑल्बन्सचा मी सरदार, 1322 साली निघालो, अशी त्यात लेखकाची जबानी आहे. आणि ग्रंथ मात्र बहुतांशी इतरांच्या प्रवासवर्णनांवरून रचलेला. त्यात हिंदुस्थानातल्या ज्या एका बेटाचे वर्णन आहे ते आपले ठाणे आहे, हे आपल्याला ठाऊकच असेल. ओडोरिक नावाचा इटलीचा फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास खरोखरच आला होता. तिथे 1321 साली मारल्या गेलेल्या आपल्या चार धर्मबंधूंच्या अस्थी त्याने बरोबर नेल्या. आणि त्याच्या वृत्तांतातून मँडेव्हिलने ठाणे उचलले. मँडेव्हिलच्या ठाण्याचा राजा अलेक्झांडरशी लढण्याइतका बलाढ्य होता, त्या बंदराचा बराच भाग समुद्राने गिळला आहे, आणि तिथले उंदीर कुत्र्याएवढे असल्यामुळे मांजरांना ते आवरत नाहीत, मोठी कुत्री सोडून धरावे लागतात. आता कोकणातल्या भाताच्या कोठारात एक पावसाळा काढलेल्या माणसाला ती घूस आहे हे सांगावे लागत नाही! माझी हरकत घुशीला नाही. त्या वर्णनात सूर्याची, अग्नीची, झाडांची, सापांची पूजा करणारे ठाणेकर आहेत, पण त्यांतल्या एकाचीही जबानी घेतलेली नाही. ते नुसते दाखवलेले आहेत. तीनशे वर्षांनी, 1667 साली, मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये आदम आणि ईव्ह यांना लज्जारक्षणासाठी जे झाड दिले ते मलबार आणि दख्खन येथे आढळणारे, म्हणजे आपला वड. पारंब्या जमिनीत रुजून आईभोवती लेकी उभ्या राहतात, हे त्याने नेमके सांगितले; उन्हातला गुराखी त्या सावलीत बसून फटींतून गुरे राखतो, हेही खरेच. पण पाने मात्र ढालीएवढी रुंद केली. वडाचे पान तळहाताएवढे असते, हे इथल्या कोणत्याही पोराने सांगितले असते. विचारणारा हवा होता.

प्राध्यापक : पानाच्या मापाबद्दल मी भांडत नाही, त्या काळच्या वनस्पतिग्रंथांतूनच ते माप त्याच्याकडे आले. पण मँडेव्हिलला आपण फार लवकर निकालात काढता. पृथ्वी गोल आहे आणि तिची प्रदक्षिणा करता येते, हे सामान्य वाचकाच्या गळी उतरवण्यासाठी त्याने जी हकीकत सांगितली आहे ती आठवा. एक तरुण हिंदुस्थान ओलांडून पुढे पुढे जात राहतो आणि अखेरीस एका द्वीपावर पोचतो, तर नांगराच्या बैलांना हाकणारा शेतकरी त्याच्याच देशाच्या बोलीत बैलांशी बोलत असतो. त्याला ते गूढ उकलत नाही. आल्या वाटेने तो माघारी फिरतो, आणि आपण पृथ्वीला वळसा घालून आपल्याच गावाच्या शिवेवर पोचलो होतो हे त्याला फार उशिरा कळते. जगाच्या टोकाला जावे आणि तिथे परक्याऐवजी आपलाच शेजारी भेटावा, ही कल्पना ज्याला सुचली तो मनाचा कोता असणे शक्य नाही. याच ग्रंथात इजिप्तचा सुलतान इतर सर्वांना बाहेर पाठवून मँडेव्हिलला एकान्तात घेतो आणि ख्रिस्ती लोकांची लबाडी, चैन आणि धर्मलंडपणा यांचा असा पाढा वाचतो की तो खाली मान घालून ऐकतो. आपल्याला हवी ती जबानी इथे आहे.

मामलेदार : आहे, आणि मी ती नोंदवून घेतो. पण या ग्रंथाचे पुढे काय झाले तेही त्याच कागदावर राहू द्या. वॉल्टर रॅले 1595 साली सोन्याच्या नगरीच्या शोधात गियानात गेला आणि पुढच्या वर्षी त्याने आपला वृत्तांत छापला. त्यात, ज्यांचे डोळे खांद्यांवर आणि तोंड छातीवर आहे अशी मस्तकहीन माणसे तिकडे आहेत असे ऐकल्याचे तो लिहितो आणि पुष्टीसाठी साक्ष कोणाची काढतो? मँडेव्हिलची! ज्याला लोक इतकी वर्षे थापाड्या समजत आले, त्याच्या गोष्टी पूर्वेचे देश सापडल्यावर खऱ्या ठरल्या, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि तो वृत्तांत काय मागतो? राणीने तो मुलूख घ्यावा, एवढेच. कथा म्हणून जन्मलेली गोष्ट सरकारी अर्जाला जोडलेला दस्तऐवज झाली.

दोघांचे हे बोलणे मांडताना इथे मला स्वतःला एक गोष्ट जाणवते. मध्ययुगीन परलोकाला वाट असे, पण अंतर नसे. ऑर्फिओचे तीन मैल कोणी जरिबेने मोजणार नाही. सोळाव्या शतकात दिशा, दिवस आणि अक्षांश कल्पनेच्या सोबतीला येऊन बसले, आणि त्याबरोबर तिथे पोचण्याची, पोचल्यावर राहण्याची आणि राहिल्यावर दुसऱ्याला हुसकण्याची शक्यता वाक्यांत शिरली. या संधिकाळावर उभे असलेले पुस्तक म्हणजे थॉमस मोरचे ‘युटोपिया’, आणि दोघांचा खरा वाद त्याच्यावरच जुंपला.

प्राध्यापक : 1515 साली मोर राजाचा वकील म्हणून फ्लँडर्सला गेला, अँटवर्पमध्ये पीटर जाइल्स या मित्राच्या ओळखीने त्याला राफाएल हिथ्लोडे नावाचा, उन्हाने रापलेला, व्हेस्पुचीबरोबर सफरी केलेला पोर्तुगीज भेटतो, आणि बागेतल्या हिरवळीच्या बाकावर बसून तिघांचे बोलणे होते: एवढी या ग्रंथाची चौकट. 1516 साली लूव्हेंला तो लॅटिनमध्ये छापला गेला आणि 1551 साली राल्फ रॉबिन्सनने त्याचे इंग्रजी केले. पण युटोपियाच्या वर्णनाआधी पहिल्या भागात काय आहे? इंग्लंड आहे! लोकर महाग झाली म्हणून सरदार आणि मठाधिपतीसुद्धा नांगरटीच्या जमिनी कुंपणात घालून मेंढरांना देतात, गावेच्या गावे उठतात, कुळे मिळेल त्या किमतीला भांडीकुंडी विकून बाहेर पडतात, तो पैसा संपला की चोरी करतात आणि चोरीसाठी फासावर चढतात. माणसे खाणाऱ्या मेंढरांची ती प्रतिमा कोणा भुकेल्या क्रांतिकारकाची नाही. राजाच्या दरबारी चढत असलेल्या कायदेपंडिताची आहे. आणि मग तो दूर समुद्रात एक द्वीप उभे करतो: चोपन्न नगरे, खाजगी मालमत्ता नाही, दिवसाला सहा तास काम, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलायची. सोन्याची तिथे मूत्रपात्रे आणि गुलामांच्या बेड्या करतात, मोती पोरांच्या खेळण्यात. परदेशचे वकील सोन्याने मढून येतात तेव्हा गर्दीतला मुलगा आईला विचारतो की एवढा मोठा बाप्या अजून मोती घालून कसा मिरवतो, आणि आई त्याला गप्प करते, कारण तिच्या मते तो वकिलांबरोबर आलेला विदूषक असावा. स्वतःच्या देशाकडे पाहण्यासाठी मोर जगाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. नवे जग कल्पिण्याचा याहून उदात्त उपयोग मला दुसरा माहीत नाही.

मामलेदार : त्या मेंढरांवरची पाने मी नोकरीत असताना पहिल्यांदा वाचली आणि वाचून झाल्यावर बराच वेळ बसून राहिलो. बेदखल झालेली कुळे कचेरीच्या ओट्यावर कशी बसतात ते मी रोज पाहत होतो, आणि परक्या देशातल्या चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने ते जसेच्या तसे लिहून ठेवले होते. म्हणूनच दुसऱ्या भागातले एक कलम मला सोसवत नाही. युटोपियाची लोकसंख्या वाढली की नगरांतून माणसे निवडतात आणि समोरच्या मुख्य भूमीवर, जिथे रहिवाशांकडे वापराबाहेरची, नांगर न लागलेली जमीन पुष्कळ आहे, तिथे वसाहत घालतात. रहिवाशांनी युटोपियाचे कायदे मान्य केले तर ठीक; न केले तर हाकलून देतात; हाकलायला विरोध केला तर युद्ध, आणि जे लोक आपली जमीन पड ठेवून दुसऱ्याला वहिवाटू देत नाहीत त्यांच्याशी केलेले युद्ध सर्वांत न्याय्य. प्रोफेसरसाहेब, ‘पड’ हा शेरा कागदावर कसा चढतो हे मला विचारा. नांगर फिरला नाही म्हणजे जमीन रिकामी असे बाहेरून आलेल्या अंमलदाराला वाटते. तिथे कोणाची गुरे चरतात, कोण सरपण आणते, कोणाचा देव त्या माळावर आहे, दुष्काळात कोणत्या वस्तीचे पोट त्यावर चालते, हे विचारल्याशिवाय दप्तरात उमटत नाही. पहिल्या भागात इंग्रज कुळाची जमीन मेंढरांसाठी काढून घेतली म्हणून मोरचे अंतःकरण तुटते. दुसऱ्या भागात परक्या कुळाची जमीन नांगरासाठी काढून घेतली ती मात्र न्याय्य! आणि तो युटोपिया तरी कोणाचा? युटोपस राजाने तो मुलूख जिंकला, तेव्हा त्याचे नाव अब्राक्सा होते; पंधरा मैलांची भूमिसंधी तिथल्या रहिवाशांच्या आणि आपल्या सैनिकांच्या हातांनी खणून काढून त्याचे बेट केले. मूळच्या लोकांना काय वाटले याची एक ओळ नाही.

प्राध्यापक : आपण ठेवलेले बोट योग्य जागी आहे, हे मी नाकारणार नाही, ते कलम मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचून दाखवत असे. पण हे सारे मोर स्वतःच्या तोंडून सांगत नाही, राफाएलकडून वदवतो. आणि कथेतला मोर शेवटी काय म्हणतो? तिथले अनेक रिवाज आपल्याला विसंगत वाटले, विशेषतः पैशावाचूनचा सामाईक संसार; पण राफाएल दमला होता म्हणून वाद न घालता त्याचा हात धरून आपण त्याला जेवायला आत नेले. संवाद मिटलेला नाही, पुढे ढकलला आहे. शिवाय, आपण पत्ते आणि हद्दी यांविषयी बोललात म्हणून सांगतो: पुस्तकाला जोडलेल्या पत्रात पीटर जाइल्स लिहितो की राफाएल द्वीपाचे ठिकाण सांगत असतानाच कोणीतरी जोराने खोकले आणि ते शब्द ऐकू आले नाहीत. मोरच्या पत्रात एक धर्मशास्त्री तिथे बिशप म्हणून जायला उतावीळ झालेला आहे; पण जाणार कुठे? मोरने त्या द्वीपाचा पत्ता बुद्ध्याच हरवला. ज्या भूमीचे ठिकाण लिहिलेले नाही तिची सनद होऊ शकत नाही.

मामलेदार : होऊ शकते, कारण वाचणारे पत्त्यासाठी थांबत नाहीत. मोरचा मेहुणा जॉन रास्टेल पुस्तक निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1517 साली, खरोखरच नव्या जगाकडे निघाला. खलाशांनी त्याला आयर्लंडच्या पुढे नेले नाही, तेव्हा परतून त्याने चार महाभूतांवर एक नाटक रचले आणि त्यात हळहळ व्यक्त केली की त्या मुलखात पहिला ताबा आणि पहिली वस्ती इंग्रजांची झाली असती तर केवढा मान मिळाला असता!

प्राध्यापक : आणि मेक्सिकोत वास्को द किरोगा? तो स्पॅनिश न्यायाधीश होता; विजेत्यांनी उद्ध्वस्त केलेल्या इंडियन कुटुंबांसाठी 1532 साली त्याने सांता फे हे गाव वसवले. सामाईक जमीन, सहा तासांचे काम, रोग्यांची शुश्रूषा, ही व्यवस्था त्याने ‘युटोपिया’ वाचून आखली. सोन्यासाठी माणसे खाणींत पुरली जात होती त्या दिवसांत एका कल्पित पुस्तकाने काही शेकडा माणसांना तरी सावली दिली.

मामलेदार : दिली, आणि त्या माणसाला माझा नमस्कार. तरी पण किरोगाच्या गावातले नियम किरोगाने लिहिले. आपण संवादाच्या रूपाचा आधार घेतलात म्हणून मला एडमंड स्पेन्सर आठवतो. ‘फेअरी क्वीन’च्या दुसऱ्या खंडाच्या आरंभी तो विचारतो की पेरू, ॲमेझॉन नदी, व्हर्जिनिया यांचे नाव तरी काल कोणी ऐकले होते का, मग माझ्या परीलोकावरच अविश्वास का? युक्तिवाद सुंदर आहे. पण 1596च्या आवृत्तीची अर्पणपत्रिका पाहा: एलिझाबेथ इंग्लंड, फ्रान्स आणि आयर्लंडची राणी, आणि व्हर्जिनियाचीही! ती लिहिणारा हात मन्स्टरमध्ये जप्त झालेल्या आयरिश मुलखातल्या तीन हजार एकरांच्या जहागिरीवर बसला होता. त्याच सुमारास त्याने आयर्लंडच्या परिस्थितीवर एक ग्रंथ लिहिला आणि तोही संवादच आहे: दोन सुसंस्कृत गृहस्थ शांतपणे बोलतात. मन्स्टरच्या दुष्काळात रानांतून आणि दऱ्यांतून हातांवर रांगत बाहेर येणारी माणसे त्यात वर्णिली आहेत, काळजाचा ठोका चुकेल अशी. आणि देश वठणीवर आणायला उपासमार हे साधन कसे परिणामकारक आहे तेही त्यातच आहे. त्या संवादात बोलणारे दोघेही इंग्रजच. आयरिश माणूस एक नाही. युटोपियाच्या बागेत बसलेल्या तिघांतही युटोपियाचा रहिवासी नाही. दोन माणसे बोलली म्हणजे दोन बाजू ऐकल्या असे होत नाही.

प्राध्यापक यावर लगेच बोलले नाहीत. स्पेन्सरचा मी स्वतः भक्त आहे. त्याच्या छंदाचे ते संथ, विशाल वळण मला इंग्रजीतल्या फार थोड्या कवींत आढळते. आणि तरीही मामलेदारांच्या या आक्षेपावर उत्तर आहे असे मला वाटत नाही. त्या ग्रंथासह त्याला वाचावे लागते.

प्राध्यापक : मग ज्याने रहिवाशाला बोलू दिले त्याच्याकडे वळू या. 1609 साली व्हर्जिनियाकडे निघालेले ‘सी व्हेंचर’ जहाज बर्म्युडाच्या खडकांवर आदळले, माणसे वाचली, आणि त्या हकीकती लंडनला पोचल्यावर, 1611 साली, शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ रंगभूमीवर आले. त्यात म्हातारा गोंझालो, मोंतेन्यचा निबंध वाचलेला असावा असा, निर्जन वाटणाऱ्या बेटावर आदर्श राज्य मांडू लागतो: व्यापार नाही, न्यायाधीश नाही, श्रीमंत-गरीब नाही, राजसत्ताही नाही, आणि सोबतचे लोक लगेच त्याला पकडतात की राजसत्ता नाही म्हणतो आणि राजा मीच म्हणतो! आपण मोरवर घेतलेला आक्षेप शेक्सपिअरने नाटकातच घेऊन ठेवला आहे. आणि बेटाचा रहिवासी कॅलिबन? तो बेटाचा ताबा घेतलेल्या प्रॉस्पेरोच्या तोंडावर सांगतो की हे बेट माझे, माझी आई सिकोरॅक्स हिच्याकडून मला आलेले, आणि ते तू माझ्यापासून घेतलेस. आधी मला कुरवाळलेस, मी तुला गोड्या पाण्याचे झरे, खारी डबकी, पिकाऊ जागा दाखवल्या, आणि आता मला खडकात कोंडतोस. त्याने प्रॉस्पेरोच्या मुलीवर, मिरांडावर, हात टाकण्याचा प्रयत्न केला, हे नाटक लपवत नाही. त्याला निष्पाप करून सोपे करणे शेक्सपिअरला नको होते. पण बेटावरच्या नादांचे आणि स्वप्नांचे जे वर्णन कॅलिबनच्या तोंडी आहे, त्याच्या तोडीची कविता त्या नाटकात फारशी कोणाला मिळालेली नाही.

मामलेदार : हा दावा मी शंभरदा वाचला आहे. आईकडून आलेला वारसा, मग परक्याशी सलोखा, मग जमिनीची माहिती देणे, मग बेदखली: असाच क्रम मी कितीतरी आदिवासी पाड्यांच्या फिर्यादींत पाहिला. आणि निकाल? प्रॉस्पेरो मिलानला परत जायला निघतो, ताबा सुटतो, पण बेट कोणाच्या नावे झाले हे नाटक सांगत नाही. ते न सांगणे मला प्रामाणिक वाटते. बेकनच्या ‘न्यू अटलांटिस’मध्ये असा दावेदारच कोणी नाही, 1627 साली छापलेल्या त्या अपुऱ्या पुस्तकातल्या बेन्सालेमचे बारा ‘प्रकाशाचे व्यापारी’ दुसऱ्या राष्ट्रांच्या नावाखाली जगभर फिरून ज्ञान गोळा करतात आणि स्वतःचा देश मात्र जगाला कळू देत नाहीत. आमच्या खात्यात अशांना वेगळे नाव असे.

प्राध्यापक : बेकनच्या त्या ज्ञानमंदिरातून पुढे रॉयल सोसायटीला प्रेरणा मिळाली, हे विसरू नका. पण आपल्या कसोटीला उतरणारा एक इंग्रज आपल्याच भाषेत आहे. थॉमस स्टीफन्स हा पाद्री 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास उतरला. वडिलांना त्याने प्रवासाची हकीकत कळवली ते पत्र हॅक्लूटने आपल्या सफरींच्या संग्रहात छापले, म्हणजे नव्या जगाच्या इंग्रज वाङ्मयात त्याचे नाव पहिल्यापासूनच आहे. तो घरी बसून द्वीपे रचत राहिला नाही. साष्टीत राहिला, मराठी शिकला, आणि 1616 साली, ‘युटोपिया’नंतर बरोबर शंभर वर्षांनी, ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, छंद ओवीचा घेतो. आणि त्या पुराणात श्रोते मधूनमधून शंका विचारतात व पाद्रीला उत्तर द्यावे लागते.

मामलेदार : त्याच्या मराठीवर माझेही प्रेम आहे, परक्या देशी येऊन तिथली भाषा अशी कमावणारा माणूस थोर खराच. पण ते श्रोते साष्टीचे नवख्रिस्ती आहेत. 1567 साली साष्टीतली देवळे पाडली गेली. 1583 साली कुंकळ्ळीकरांनी पाच जेझुइटांना मारले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्यानंतरच्या सभेत कोणती शंका विचारता येत होती आणि कोणती गिळावी लागत होती?

प्राध्यापक : गिळलेल्या शंकांची नोंद कोणत्याच ग्रंथात सापडणार नाही, विचारलेल्यांची या ग्रंथात आहे, एवढेच मी म्हणतो. आणि जिच्या हाती सनद काढण्याची सत्ताच नव्हती अशा लेखिकेचे जग आपण अजून पाहिलेले नाही. मार्गारेट कॅव्हेंडिश यादवी युद्धात परागंदा झाली, मोरचे संभाषण जिथे घडले त्याच अँटवर्पमध्ये, रूबेन्सच्या घरात, तिने नवऱ्याबरोबर वनवासाची वर्षे काढली, आणि 1666 साली ‘ब्लेझिंग वर्ल्ड’ लिहिले. पळवून नेलेली एक स्त्री उत्तर ध्रुवापाशी दुसऱ्या जगात शिरते, तिथली सम्राज्ञी होते, आणि अस्वलमानव, पक्षिमानव, कृमिमानव यांच्या पंडितसभा भरवून सृष्टीची चर्चा करते. आपण पाचवा हेन्री होऊ शकत नाही, दुसरा चार्ल्स होऊ शकत नाही, तर पहिली मार्गारेट होऊ, असे ती प्रस्तावनेत निर्धाराने सांगते. ग्रंथात ती स्वतःच डचेस म्हणून वावरते आणि त्या डचेसला जिंकायला एखादे जग हवे असते, तेव्हा अशरीरी आत्मे तिला सांगतात की खऱ्या जगाचे राज्य मिळवून त्याच्या एका कोपऱ्याचाच उपभोग घेता येतो. त्यापेक्षा स्वतःच्या मनात जग निर्माण कर, तिथे कोणाचे रक्त सांडत नाही. हा आक्रमणाचा त्यागच नव्हे काय?

मामलेदार : दुसरा भाग वाचून मग सांगा. सम्राज्ञी आपल्या मूळ देशाच्या मदतीला जाते आणि पाण्याने पेटणाऱ्या दगडांनी शत्रूंची जहाजे आणि गावे जाळते, सारे राजे मांडलिक होईपर्यंत.

प्राध्यापक : जाळते, होय. ते पान मी झाकत नाही. पण पहिल्या भागातले अस्वलमानव आठवा. ते दुर्बिणींतून पाहतात आणि सूर्यचंद्रांविषयी त्यांचे एकमेकांशी पटेना, तेव्हा सम्राज्ञी संतापून दुर्बिणी फोडण्याचा हुकूम देते. ते गुडघे टेकून विनवतात की दुर्बिणी राहू द्याव्या. सगळे सत्यच उरले आणि असत्य मुळीच नसले तर आम्ही वाद कशावर घालायचा, एकमेकांचे खंडन करण्यात आमचा जो आनंद आहे तो कुठे जायचा? आणि ती हुकूम मागे घेते.

मामलेदार : बिनशर्त?

प्राध्यापक : नाही. वाद पाठशाळेच्या आत राहावेत, राज्यात फूट पडू नये, या शर्तीवर.

मामलेदार : ती शर्त कोणत्याही सरकारने घातली असती, तिच्याबद्दल मला नवल नाही. पण ठाण्यापासून मी जे कागद उलटत आलो त्यांत हुकमाविरुद्ध रयतेने अर्ज केला, तो तिच्याच शब्दांत नोंदवला गेला आणि मंजूरही झाला, असे हे पहिले प्रकरण. ते पुस्तक मला घरी न्यायला द्या.

प्राध्यापक : दोन्ही भाग एकाच जिल्दीत आहेत.

मामलेदार : दोन्ही वाचीन.